एकाच पेटीत भूभुंगेरा आणि अ‍ॅटलास पतंग: पावसाळ्यातल्या कामाच्या नोंदी

काम एवढंच: सहा ठिपक्यांचा भूभुंगेरा (अँथिया सेक्सगटाटा) आणि अ‍ॅटलास पतंग शेजारी शेजारी, खऱ्या मापात, एका काचेच्या पेटीत लावायचे, म्हणजे बघणाऱ्याला तुलना डोळ्यांनी करता येईल. मोठं करून काढलेले फोटो मुद्दाम टाळले. फोटोत दोघेही सारखेच मोठे दिसतात आणि तुलनेचा जीवच जातो. काम तीन आठवड्यांचं धरलं होतं, लागले अकरा. उशीर कुठे कुठे झाला ते खाली आहे.

१२ जुलै. नमुने

हातात आलेले: भूभुंगेरे २, अ‍ॅटलास ३ (माद्या २, नर १). सगळे मेलेलेच मिळालेले. भुंगेरे रानाच्या कडेच्या एका शेतातल्या कोरड्या सिमेंटच्या टाकीत सापडले. या किड्याला उडता येत नाही आणि गुळगुळीत उभ्या भिंतीवर त्याचे पाय धरत नाहीत, त्यामुळे टाकीत पडला की तिथेच संपतो. पतंग दालचिनीच्या बागेजवळच्या दिव्याखाली मिळाले. प्रौढ अ‍ॅटलास एक-दोन आठवडेच जगतो, म्हणून हंगामात दिव्याखाली मेलेले मिळतात. माद्यांचे पंख कडेला फाटलेले आहेत, नराचे बरे आहेत.

तुम्ही करणार असाल तर आधी हे. राखीव किंवा संरक्षित जंगलातून परवानगीशिवाय मेलेला किडाही उचलायचा नाही. खाजगी जागेत मालकाला विचारायचं, आणि जात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूचीत आहे का ते पाहून मगच हात लावायचा. जिवंत भूभुंगेरा फोटोसाठी हाताळायचा असेल तर तोंड जवळ नेऊ नका. तो मागच्या टोकाकडून फॉर्मिक आम्लाची चिळकांडी मारतो. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवायचं आणि तडक डॉक्टरकडे जायचं.

१३ जुलै. ओळखीतली चूक

तिसरा "भुंगेरा" म्हणून आलेला नमुना बाद. काळा, पांढरे ठिपके, पण आकाराने लहान, अंगाने पसरट आणि कडा गोल. भिंगाखाली धरल्यावर डोकं वरच्या ढालीखाली दडलेलं दिसलं. पाठीवरही मधोमध सरळ शिवण नाही, एक पंख दुसऱ्यावर चढलेला. ते झुरळ निघालं, डॉमिनो झुरळ (थेरिया). हे झुरळ याच भूभुंगेऱ्याची नक्कल करतं असं मानतात, त्यामुळे फसगत स्वाभाविक आहे.

खूण सोपी आहे. भूभुंगेऱ्याचे जबडे वरून सरळ दिसतात. कातरीच्या पात्यांसारखे पुढे आलेले असतात. शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, दोऱ्यासारख्या, अकरा खंडांच्या. ठिपके सहा: दोन मानेमागच्या ढालीवर, चार पाठीच्या आवरणांवर. झुरळ फेकलं नाही, वेगळ्या डबीत ठेवलं. पेटीत कोपऱ्यात लावलं तर लोक थांबून बघतील.

१५ जुलै. नरम करायला ठेवले

कोरडा किडा तसाच वाकवला तर पाय आणि शृंगिका तुटतात. आधी नरम करावं लागतं, आणि इथून पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या.

पतंगासाठी: घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, तळाला उकळून घेतलेली ओली वाळू २ सेंमी, बुरशीसाठी फिनॉलचे ५–६ थेंब, वर प्लास्टिकची जाळी, जाळीवर पतंग. हातमोजे घाला, फिनॉलने कातडी पोळते.

भुंगेऱ्यासाठी: साधारण ७० अंशांचं गरम पाणी, त्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एक थेंब, ४० मिनिटं. चिलखत जाड असल्याने नुसत्या दमट हवेत तो आठवडाभर ढिम्म हलत नाही.

पतंगाला गरम पाण्यात कधीही बुडवायचं नाही. खवले सुटतात, रंग जातो.

१६ जुलै

टूथब्रश वापरला आणि पस्तावलो. भुंगेऱ्यावर टाकीतला चिखल वाळलेला होता, तो मऊ ब्रशने घासून काढला. वाळल्यावर पाहिलं तर पाठीवरचा मागचा डावा ठिपका अर्धा गायब. हे ठिपके रंगाचे नसतात, बारीक पांढऱ्या केसांचे असतात. भिंगातून पाहिलं की मखमलीचा तुकडा चिकटवल्यासारखे दिसतात. घासले की केस जातात आणि खालचं काळं उघडं पडतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: ओले असताना ठिपके करडे, नाहीसे झाल्यासारखे वाटतात. तेव्हा घाबरून आणखी घासू नका, वाळल्यावर परत पांढरे होतात.

दुसऱ्या भुंगेऱ्याचा चिखल ओल्या रंगकुंचल्याने, दोन नंबरच्या, ठिपके सोडून टिपून काढला. अर्धा तास गेला, पण ठिपके शाबूत. पेटीत हाच लागेल. पहिला सुट्या भागांसाठी, म्हणजे तोंड, पाय वगैरे वेगळे करून दाखवायला.

१८ जुलै

पतंगाच्या डब्यात झाकणाला आतून थेंब जमले आणि एका मादीच्या पुढच्या पंखावर पडले. तिथे रुपयाएवढा डाग, खवले एकमेकांना चिकटले. झाकणाखाली जुन्या सुती कापडाची घडी रबराने ताणून बसवायला हवी होती, ती आज बसवली. पाणी त्यात मुरतं.

पंख अजून ताठ आहेत. चिमट्याने हलके वर केले की स्प्रिंगसारखे परत खाली येतात. अशा अवस्थेत पसरले तर सुकताना जागा सोडणार हे नक्की.

१९ जुलै. भुंगेऱ्याला सुई

ढालपंखी किड्याला सुई उजव्या आवरणाच्या पुढच्या भागात घालतात, मधोमध नाही. त्यामुळे मधली शिवण आणि एक पूर्ण बाजू बघायला शाबूत राहते. सुई खाली मधल्या आणि मागच्या पायांच्या मधून बाहेर यायला हवी. तिरपी गेली तर पायाचा खुबा फुटतो.

नं. ३ ची सुई टेकवली, दाबली, वाकली. दुसरी घेतली, तीही वाकली. तिसऱ्या वेळी जोर लावला तर आवरणाला केसाएवढी चीर गेली. नशिबाने हा सुट्या भागांचा नमुना होता. दुसऱ्याला आधी घड्याळजीच्या हातड्रिलने ०.६ मिमीचं भोक पाडलं, मग नं. ३ ची सुई सहज गेली. ड्रिल नसेल तर शिवणकामाची जाड सुई पक्कडीत धरून बोटांत फिरवत भोक पाडा. ठोकायचं अजिबात नाही.

सुया स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. आधी साध्या पितळी टाचण्या आणल्या होत्या, त्या पडून आहेत. किड्याच्या अंगातल्या चरबीशी पितळ जुळत नाही. वर्षा-दोन वर्षांत सुईभोवती हिरवा मेणचट फुगवटा येतो आणि अंग आतून फुटतं.

२० जुलै

भुंगेऱ्याचे पाय. दिसायला किरकोळ काम, वेळ अडीच तास. फोमच्या तुकड्यावर सुई रोवून अंग टेकवलं, मग प्रत्येक पायाला दोन बाजूंनी फुलीसारख्या टाचण्या. पुढचे पाय पुढे, मधले आणि मागचे मागे. पाय लांब असतात, हा पळून शिकार धरणारा किडा आहे. पूर्ण पसरले तर पेटीत फार जागा खातात आणि शेजारच्या वस्तूला अडकून तुटतात, म्हणून थोडे अंगाशी घेतले. शृंगिका मागे वळवल्या. पुढच्या पायाच्या नळीवर आतल्या बाजूला शृंगिका पुसायची खाच असते, ती दिसेल असा एक पाय किंचित फिरवला.

मानेमागच्या ढालीचा सांधा मऊ असतो. तिथून बाकदार चिमट्याने आतडं बाहेर काढलं. हा किडा प्रौढपणीही मांस खातो, पोटात शिकार असते, ती ठेवली तर पावसाळ्यात दोन दिवसांत वास सुटतो. पाठीची आवरणं मधल्या रेषेवर इतकी घट्ट बसलेली आहेत की वरून पोट उघडायचा प्रश्नच नाही.

२१ जुलै. पसरणीचा बोर्ड

बाजारातल्या तयार बोर्डवर अ‍ॅटलास मावत नाही. ते फुलपाखरांच्या मापाचे असतात. इथे प्रत्येक बाजूला किमान १३ सेंमी सपाट जागा हवी. घरीच केला:

तळाला १२ मिमी प्लायवूड ३५ × ३० सेंमी. वर २५ मिमी जाडीच्या निळ्या एक्सपीएस फोमच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी १५ सेंमी रुंद. मध्ये १६ मिमीची खाच. दोन्ही पट्ट्यांच्या बाहेरच्या कडेखाली ४ मिमीची पुठ्ठ्याची पट्टी सरकवली, म्हणजे पंख बाहेरच्या बाजूला किंचित वर राहतात. सुकल्यावर पंख नेहमी थोडे खाली येतात, त्याची भरपाई आधीच करायची. दोन्ही बाजूंना आलेखकागद चिकटवला, म्हणजे डावं-उजवं जुळवता येतं.

पहिला बोर्ड थर्माकोलचा केला होता. त्याचं पुढे काय झालं ते ऑगस्टमध्ये कळलं.

२३ जुलै. पहिली मादी

नऊ दिवस दमट डब्यात राहूनही वक्षाचे स्नायू सोडेनात. मग इंजेक्शनची युक्ती: इन्सुलिनची सिरिंज, नुकतंच उकळलेलं पाणी, पंखाच्या मुळाखालून वक्षात प्रत्येक बाजूला ०.२ मिली. दहा मिनिटांत पंख लोण्यासारखे हलले. ही गोष्ट पहिल्याच दिवशी केली असती तर आठवडा वाचला असता. पाणी सुईवरून ओघळू देऊ नका. टिपकागद जवळ ठेवा.

क्रम असा. वक्षाच्या मधोमध नं. ५ ची सुई उभी. अंग खाचेत, पंखांची मुळं फोमच्या पातळीला. आधी शृंगिका पंख दाबून धरणाऱ्या कागदी पट्टीखाली घ्यायच्या, शेवटी घ्यायला गेलं की मोडतात. मग पुढच्या पंखाच्या वरच्या कडेच्या जाड शिरेमागे बारीक सुई टेकवून पंख पुढे सरकवायचा, पडद्याला भोक न पाडता. मग मागचा पंख. पुस्तकी नियम असा की पुढच्या पंखाची मागची कड अंगाशी काटकोनात हवी. अ‍ॅटलासची ती कड आत वळलेली आहे, त्यामुळे काटकोन कुठून मोजायचा हाच घोळ. शेवटी पंखाच्या मुळापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत सरळ दोरा धरला आणि तो काटकोनात आणला.

पुढच्या पंखाचं टोक बाकदार, नागाच्या फण्यासारखं. एक पट्टी मुळाशी आणि एक मध्ये एवढ्यावर ते टोक वर वळतं. टोकाला तिसरी पट्टी हवीच. पंखांवरच्या पारदर्शक त्रिकोणी खिडक्यांवर टाचणी घासू देऊ नका. तिथे खवले नाहीत, ओरखडा लपवायला काहीच नसतं.

वेळ: तीन तास दहा मिनिटं. पाठ धरली.

२६ जुलै

मुंग्या. रात्रीतून मादीचं पोट आतून पोकळ करून टाकलं आणि एक शृंगिका नेली. बोर्ड टेबलावर उघडा होता. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे हे घरात गुळाच्या डब्यासाठी सगळ्यांना ठाऊक असतं, पतंगासाठी आठवलं नाही. आता वाट्या ठेवल्या आहेत, पाण्यात साबणाचा थेंब. बोर्ड भिंतीला टेकू द्यायचा नाही, वायर लोंबकळू द्यायची नाही. मुंग्यांना तेवढा पूल पुरतो.

या मादीच्या पंखांना मात्र मुंग्या लागलेल्या नाहीत. ती सुट्या भागांच्या फळीवर जाईल.

२७ जुलै. दुसरी मादी आणि नर

दुसऱ्या मादीचं पोट अंड्यांनी टम्म. अशी सुकवायला ठेवली तर सुकण्याआधी कुजते. पोटाच्या खालच्या बाजूने उभा छेद देऊन अंडी आणि आतला लगदा काढला, कापूस भरला, छेद खाली असल्याने वरून दिसत नाही. नराला हे करायला हवं होतं, केलं नाही. त्याचं पोट लहान म्हणून सोडून दिलं.

नराच्या शृंगिका रुंद, पिसासारख्या. मादीच्या अरुंद. मादीचा गंध लांबून टिपायचं काम त्यांचं. पेटीत ह्या दोन शृंगिका आणि भुंगेऱ्याची दोऱ्यासारखी शृंगिका एका ओळीत लावायचं ठरवलं. तिथे शब्दांची गरजच पडणार नाही.

५ ऑगस्ट

पंखांवर लाटा. पट्ट्या ट्रेसिंग पेपरच्या होत्या. हवेतला ओलावा पिऊन कागद फुगला, आकसला, पुन्हा फुगला, आणि खालचा नरम पंखही त्याच आकारात सुकला. पावसाळ्यात ट्रेसिंग पेपर नको. दोन्ही पतंगांच्या पंखांच्या मुळाशी पुन्हा गरम पाणी टोचलं, लाटांवर ओल्या टिपकागदाची वाफ दिली आणि बटर पेपरच्या पट्ट्या बसवल्या. ओएचपीची पारदर्शक शीट मादीच्या एका बाजूला वापरून पाहिली. आतलं दिसतं ही सोय, पण काढताना विजेच्या भाराने खवले ओढते. बटर पेपर बरा.

वाळवणीसाठी जुन्या लाकडी कपाटात ४० वॅटचा पिवळा बल्ब तळाला, बोर्ड वरच्या फळीवर, दार बोटभर उघडं. आत ४० अंशांच्या आसपास राहतं. एलईडी लावू नका, तो पुरेसा तापत नाही. भारनियमनाच्या दिवशी कपाट थंड झालं की ओल परत शिरते, तेव्हा दार पूर्ण बंद करून आत सिलिका जेलची पुरचुंडी ठेवली.

२० ऑगस्ट

पट्ट्या काढल्या. सुकलं की नाही ते पोटाला सुईच्या टोकाने हळूच ढकलून बघायचं: पोट एकटं हललं तर ओलं आहे, सगळा पतंग सुईभोवती एकसंध फिरला तर सुकलं.

२३ ऑगस्ट. तेल

नराच्या पोटावर तेलकट काळपटपणा, आणि तो मागच्या पंखांच्या मुळापर्यंत चढतोय. कारण या पतंगाच्या जगण्यातच आहे. प्रौढ अ‍ॅटलासला खाण्याजोगं तोंड नसतं, सोंड नावापुरती. अळीने पानं खाऊन साठवलेल्या चरबीवरच त्याने उडायचं, जोडीदार शोधायचा आणि संपायचं. ती चरबी पोटात तशीच राहते आणि सुकल्यावर पाझरते.

उपाय: पोट वक्षापासून सांध्यात अलगद मोडून वेगळं केलं, काचेच्या बरणीत अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलं. पहिल्या दिवशी अ‍ॅसिटोन चहासारखं पिवळं. तीन दिवसांत तीनदा बदललं, मग स्वच्छ राहिलं. पंखांच्या मुळाशी अ‍ॅसिटोनचे थेंब कुंचल्याने सोडले आणि ओल्या जागी खडूची पूड पसरली. सुकल्यावर पूड फुंकून, कुंचल्याने झटकली. तेल पुडीत आलं.

हे करताना पतंग जुन्या थर्माकोलच्या बोर्डवर ठेवला होता. अ‍ॅसिटोनचा थेंब खाली गेला आणि थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळून खड्डा पडला, चिकट लगदा सुईला लागला. निळा फोमही त्याच जातीचा आहे, तोही विरघळतो. अ‍ॅसिटोनचं काम काचेवर किंवा स्टीलच्या ताटात. खिडक्या उघड्या, गॅस बंद, बल्बचं कपाट लांब.

२७ ऑगस्ट

पोट परत चिकटवलं. आधी भुंगेऱ्याच्या तुटलेल्या पायाला झटपट गोंद लावला होता, त्याच्या वाफेने काळ्या चिलखतावर पांढरट धुकं बसलं, ते अजून पूर्ण गेलेलं नाही. इथे पांढरा सुतारी गोंद, सुईच्या टोकावर मावेल एवढा. सुकायला वेळ लागतो, तोवर पोटाखाली दोन टाचण्यांचा टेकू.

३० ऑगस्ट. मापं

ही नोंद सगळ्यांत उपयोगी ठरेल. भुंगेऱ्याची जबड्यापासून मागच्या टोकापर्यंत लांबी: ४१ मिमी. मादी पतंगाच्या पंखांचा टोकापासून टोकापर्यंतचा विस्तार: २३४ मिमी. आता मादीचं नुसतं अंग, डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत: ३८ मिमी.

म्हणजे पंख झाकले तर पतंग भुंगेऱ्यापेक्षा किंचित लहानच. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी पंख झाकून पाहिलं, तेव्हा बोर्डवर जवळपास एकाच लांबीची दोन अंगं उरली. एकाला वर चिलखत, दुसऱ्याला लव. पेटीची सगळी मांडणी यावरून बदलली. आधी पतंग मध्ये आणि भुंगेरा कोपऱ्यात असा आराखडा होता. आता दोघांची अंगं एका आडव्या रेषेवर, डोकी एका पातळीला, आणि पतंगापुढे पंखांच्या आकाराची कागदी झडप, वर उचलता येणारी. काचेच्या बाहेरून.

विस्तार सांगताना एक खबरदारी. पंख किती पुढे ओढलेत त्यावर टोकांमधलं अंतर बदलतं. आपल्याच पतंगाचं पहिल्या मांडणीत ते ८ मिमी जास्त होतं. म्हणून पुढच्या पंखाची मुळापासून टोकापर्यंतची लांबीही लेबलवर लिहा, ती बदलत नाही. क्षेत्रफळ आलेखकागदावर पंखांची सावली उतरवून चौकोन मोजून काढलं: एका बाजूचे दोन्ही पंख मिळून ७३ चौ. सेंमी, दोन्ही बाजूंचे १४६.

३ सप्टेंबर. सुटे भाग

पहिला भुंगेरा आणि मुंग्यांनी खाल्लेली मादी यांच्यापासून चार जोड्या: तोंड, शृंगिका, पंख, पाय. पांढऱ्या जाड कार्डावर गोंदाने. तोंडाच्या जोडीत गंमत आहे. डावीकडे दातेरी जबडे, उजवीकडे पतंगाचं डोकं, भिंगातून पाहिलं तरी तोंडाच्या जागी फक्त लव. बघणाऱ्याला "तोंड कुठे आहे?" असं वाटायलाच हवं, म्हणून तिथे बाण काढला नाही.

खवल्यांसाठी काचपट्टीवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर देऊन पंख हलका दाबला. खवले ओळीने चिकटले, कौलांसारखे. पहिल्या वेळी थर जाड झाला आणि पंखाचा तुकडाच पट्टीवर राहिला. पॉलिश जवळजवळ सुकत आलं की मग दाबा.

९ सप्टेंबर. पेटी

सुताराकडून सागवानी पेटी, ४५ × ३० × ७ सेंमी, वर काच. झाकणाची खाच सैल आली. कागदाची पट्टी कडेने घालून पाहिली तर सहज सरकते, म्हणजे पुस्तकउवा आणि चामडेकिड्यांची अळीही सरकणार. खाचेत लोकरीची पातळ पट्टी चिकटवली, आता कागद अडकतो. तळाला दाट पांढरा पॉलिइथिलीन फोम १० मिमी. थर्माकोलमध्ये सुई सैल होते आणि नेताना जड पतंग गोल फिरून शेजाऱ्याचे पाय मोडतो. फिरू नये म्हणून पोटाच्या दोन्ही बाजूंना एकेक आधार-टाचणी, आडवी नाही, उभी.

पेटी बंद करण्याआधी सगळे नमुने हवाबंद पिशवीत डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना सात दिवस. किडीची अंडी आणि अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर पंखांवर दव पडतं आणि सगळं काम पुन्हा पहिल्यापासून.

डांबराच्या गोळ्या टाळल्या. कीड त्याने मरत नाही, फार तर लांब राहते, आणि बंद खोलीत त्याची वाफ माणसांना चांगली नाही.

१७ सप्टेंबर. लेबलं

प्रत्येक सुईवर छोटं लेबल: ठिकाण, तालुका, जिल्हा, उंची, तारीख, कुठे मिळाला (टाकीत, दिव्याखाली). इंकजेटवर छापलेली लेबलं दमट हवेत पसरली. लेझर प्रिंट किंवा काळ्या चिरस्थायी शाईचं पेन.

मोठ्या फलकावर "जगातला सर्वांत मोठा पतंग" असं लिहून झालं होतं, ते खोडलं. दक्षिण अमेरिकेतल्या थायसानिया अ‍ॅग्रिपिनाचा पंखविस्तार अ‍ॅटलासपेक्षा जास्त असतो आणि न्यू गिनी व उत्तर ऑस्ट्रेलियातल्या हर्क्युलिस पतंगाचं पंखांचं क्षेत्रफळ. "जगातल्या सर्वांत मोठ्या पतंगांपैकी एक" एवढंच लिहिलं. जातीचंही तसंच. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला अ‍ॅटलास आता अटॅकस टॅप्रोबॅनिस ही वेगळी जात धरतात, म्हणून खात्री होईपर्यंत फलकावर फक्त "अटॅकस" हे गटाचं नाव.

एक साम्य मात्र फलकावर ठळक घेतलं. भुंगेरा प्रौढपणी आम्ल फवारतो. अ‍ॅटलासची अळीही डिवचल्यावर उग्र द्रव उडवते. प्रौढ पतंगाकडे यातलं काही उरत नाही. तिथे फक्त पंखाच्या टोकावरचा नागाचा फणा, तोही चित्रातला.

२८ सप्टेंबर. तपासणी आणि हिशेब

पेटी बंद केल्याला बारा दिवस. सिलिका जेल केशरीवरून हिरवट झालं, म्हणजे ओल शिरते आहे. पुरचुंडी ओव्हनमध्ये १२० अंशांना दोन तास तापवून परत ठेवली. बुरशी नाही, मुंग्या नाहीत. भुंगेरा जसा ठेवला तसाच आहे.

खर्च: पेटी १,४५०, स्टीलच्या सुया दोन पाकिटं ७००, अ‍ॅसिटोन २२०, फोम १८०, सिलिका जेल १६०, बल्ब आणि होल्डर १३०, फिनॉल ९०, कागद-कार्ड-बटर पेपर ११०. एकूण ३,०४० रुपये. वाया: थर्माकोल १२०, ट्रेसिंग पेपर ४०, पितळी टाचण्या ६०. भुंगेऱ्यावर एकूण साडेसहा तास गेले, पतंगांवर एकतीस.

बाकी काम एकच. नराचा डावा पुढचा पंख ३ मिमी खाली आला आहे. पुन्हा वाफ देऊन वर घेता येईल, पण चिकटवलेलं पोट त्या ओलीत सुटण्याची शक्यता जास्त. ऑक्टोबरची कोरडी हवा लागली की ठरवू, तोवर पंखाखाली पारदर्शक टेकू.